मधल्या पर्यायाचे मंत्री

एवन किलब्राइडसाहेबांची कारकीर्द मी पहिल्यांदा ऐकली ती लिफ्टमध्ये. मस्कतच्या रुवी भागातल्या आमच्या ऑफिसची लिफ्ट जुनी होती, चौथा मजला गाठायला तिला वेळ लागे. साहेब तळमजल्यावर आत शिरले, माझ्याकडे बघून हसले, आणि मी नुसतं "गुड मॉर्निंग, सर" म्हणताच बोलायला लागले. पहिल्या मजल्यावर ते स्कॉटलंडच्या सरकारात मत्स्यव्यवसाय मंत्री होते. दुसऱ्यावर वाहतूक. तिसऱ्यावर आरोग्य. चौथ्यावर दार उघडलं तेव्हा ते मंत्रिमंडळात प्रमुखाच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले होते. मला बाहेर पडायचं होतं, पण मंत्री दारात उभे होते.

पुढे रोज हेच. लिफ्टमध्ये जो सापडेल त्याला ऐकावं लागे. आमचे मल्याळी अकाउंटंट गुडघेदुखी असूनही जिने चढायला लागले. साहेबांना त्याचं काही नव्हतं. ऐकणारा बदलला की गोष्ट पुन्हा मत्स्यव्यवसायापासून सुरू करता येते, एवढंच त्यांना कळत होतं.

आमची कंपनी बंदरं, धक्के, बांध यांचे नकाशे काढून देणारी. ओमानच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या एका गावात छोटं मासेमारी बंदर बांधायचं काम तेव्हा आमच्याकडे आलं होतं. कंपनीच्या मालकांना, म्हणजे आमच्या अर्बाबना, कुणीतरी सुचवलं की विलायतेतला एखादा माजी मंत्री सल्लागार म्हणून बसवा, वजन पडतं. म्हणून किलब्राइडसाहेब आले. उंच, गुलाबी, पांढऱ्या भुवया, आवाजात र-ला एक लांबलचक घोळ. मोठ्यातल्या मोठ्या भानगडीला ते 'वी' म्हणत, म्हणजे त्यांच्याकडच्या बोलीत इवलीशी. "अ वी डिफिकल्टी, मिसेस सावंत," असं ते म्हणाले की मी समजायचे, कुठेतरी आग लागली आहे.

मी त्यांची सेक्रेटरी. माहेर देवरुखचं, सासर डोंबिवलीचं, आणि संसार मस्कतमध्ये वादी कबीरला दोन खोल्यांत. माझे यजमान इब्रीला एका मोठ्या दुकानात मॅनेजर होते, गुरुवारी रात्री यायचे आणि शनिवारी जायचे. मुलगी आठ वर्षांची. इथल्या बऱ्याच ऑफिसांसारखी आमचीही तुटक ड्यूटी होती, सकाळी आठ ते एक आणि पुन्हा चार ते सात. मुलगी शाळेच्या बसमधून येऊन गळ्यातल्या किल्लीनं दार उघडायची. दुपारचं जेवण मी तिला वाढायचे आणि चार वाजता तिला एकटीला कोंडून पुन्हा निघायचे. हे सगळं सांगते, कारण पुढे मी जे केलं त्यात याचा हात आहे. सबब म्हणून सांगत नाही. असेल थोडी सबबही.

साहेबांची काम करायची एक पद्धत होती आणि ती त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला समजावून दिली. मंत्र्यापुढे जाणारा कागद एका पानाचा असावा. वरती अडचण, खाली तीन पर्याय. "त्याहून जास्त असले तर तो निबंध होतो, मिसेस सावंत. आणि कमी असले तर ती धमकी होते." मग ते पेन्सिल घेऊन कागदावरून नजर फिरवत, "ऑन बॅलन्स…" असं पुटपुटत आणि एका पर्यायापुढे छोटीशी टिक करत. सही नाही, तारीख नाही, आद्याक्षरंसुद्धा नाहीत. नुसती टिक. सही का नाही, असं मी एकदा भाबडेपणानं विचारलं. ते म्हणाले, "सरकारात चुका होत नसतात. फक्त मंत्र्यानं न पाहिलेले कागद असतात." मला वाटलं विनोद आहे, म्हणून मी हसले.

दुसऱ्या महिन्यात माझ्या लक्षात आलं की साहेब कायम मधल्या पर्यायावर टिक करतात. पहिला वाचत, तिसरा वाचत, कपाळाला आठ्या घालत, आणि पेन्सिल उतरायची ती मध्येच. मला आधी खरं वाटेना. मी मुद्दाम एक कागद केला, ऑफिसच्या चहाबरोबर कोणती बिस्किटं आणायची याचा. मध्ये घातली खारी. आली खारी. पुढच्या आठवड्यात खारी पहिल्या जागी आणि ग्लुकोजची मध्ये. आली ग्लुकोजची. एवढी खाती सांभाळलेला माणूस बिस्किटाच्या पुड्यावरसुद्धा स्वतःचं मत ठेवत नाही हे बघून मला हसू आवरेना. ऑफिसातल्या आपल्या लोकांत मी त्यांचं नावच ठेवलं, मधले मंत्री.

मग काय विचारता. ज्याला त्याला आपलं काम मध्ये घालून हवं. कुणाची रजा, कुणाचं टेबल खिडकीजवळ, कुणाचा जुना एसी. "मॅडम, मेरा बीच में डालना," असं म्हणत मंडळी माझ्या टेबलाशी घुटमळायची. मीही तोरा मिरवत होते. माझ्याही ड्यूटीचा कागद केला. पहिला पर्याय, आहे तशी तुटक ड्यूटी. तिसरा, ऑफिसात येणंच बंद आणि घरून टायपिंग, जो कुणीच मान्य केला नसता. मध्ये, सकाळी साडेसात ते तीन, सलग. टिक झाली. त्या दिवसापासून माझी मुलगी संध्याकाळी एकटी राहिली नाही. साहेबांची मी पाठीमागे चेष्टा करत होते आणि त्यांच्याच टिकेवर माझं घर चालत होतं.

आता दाऊदभाई. दाऊद परकार, रत्नागिरीच्या खाडीकाठचे, आमचे सर्व्हेअर. घरात मासेमारी, स्वतः डिप्लोमा केलेला. पाण्याची खोली मोजायला होडी घेऊन जायचे आणि उपकरण काय सांगतं ते लिहून झालं की होडीवाल्याला विचारायचे, तुला काय वाटतं. ऑफिसात सगळ्यांसमोर मला मॅडम म्हणत, एरवी ताई. डब्यात त्यांच्या बायकोनं पाठवलेल्या आंबोशीचं काही असलं की माझ्या टेबलावर निमूट एक वाटी ठेवून जात.

साहेब साइटवर एकदाच गेले. नकाशे घेऊन मीही बरोबर होते. गावातल्या कोळ्यांनी चटई अंथरली, खजूर ठेवला, काहवा, म्हणजे अरबी कॉफी, ओतला. इथली रीत अशी की पुरे असेल तर रिकामा पेला जरासा हलवून परत द्यायचा. नुसता पुढे केलात तर पुन्हा भरतात. साहेब कोळ्यांना मत्स्यव्यवसाय खात्याच्या गोष्टी सांगत प्रत्येक वेळी पेला पुढे करत होते. पाचवा झाला, सहावा झाला, चेहरा लालबुंद झाला, तरी नको म्हणणं काही जमेना. मला माहीत होतं, पण मी सांगितलं नाही. मजा बघत बसले. शेवटी दाऊदभाईंनी त्यांच्यासमोर आपला पेला हलवून दाखवला आणि साहेबांची सुटका झाली. परतताना गाडीत साहेब म्हणाले, "त्या माणसाचं नाव काय? उपयोगी आहे."

त्याच गावात दाऊदभाईंना ती गोष्ट कळली. दोन बाजूंनी दगडी बांध घालून मध्ये होड्यांना आत यायला तोंड ठेवायचं होतं, ते नकाशात चुकीच्या दिशेला होतं. वाळू त्याच अंगानं सरकत येते, हे कोळ्यांनी सांगितलं आणि दाऊदभाईंच्या मोजणीतही तेच आलं. ते माझ्या टेबलाशी येऊन बसले.

"ताई, हे तोंड असं ठेवलं ना, तर दोन वर्षांत वाळूनं भरेल. आणि भरेपर्यंत होड्यांना लाटेला आडवं वळून आत यायला लागेल. आपल्याकडे खाडीच्या तोंडाशी माणसं कशी जातात ते मी लहानपणापासून बघितलंय. आता फक्त दगड टाकायला सुरुवात झालीय. आत्ता थांबवलं तर होईल, नंतर नाय."

"मग रिपोर्ट द्या."

"दोनदा दिला. साहेब म्हणतात, 'आय हॅव सीन इट.' बघितला म्हणजे काय? बघून पुढे?"

मी म्हणाले, काळजी करू नका, मी आहे. हे वाक्य मला अजून आठवतं. मी कागद केला. एक, काम आहे तसं चालू. तीन, बंदर रद्द. आणि मध्ये, दगड टाकणं थांबवून पुन्हा मोजणी, आणि तोंडाची दिशा बदलणं. साहेबांनी पहिला वाचला, तिसरा वाचला, "ऑन बॅलन्स" म्हणाले आणि मध्ये टिक केली. मी आणि दाऊदभाईंनी पँट्रीत उभ्याउभ्या चहा घेतला. त्याच दुपारी मी काम थांबवण्याचं पत्र टाइप केलं. सर्व्हेचा विषय म्हणून सही दाऊदभाईंनी केली. एवढ्या महिन्यांत सगळं असंच चाललं होतं. टिक झाली की हुकूम झाला, आणि पत्रावर सही ज्याच्या त्याच्या खात्याची.

काम थांबलं आणि आठवड्यात अर्बाब ऑफिसात आले. एरवी महिन्यातून एकदा येणारा, सगळ्यांची चौकशी करणारा सज्जन माणूस, पण त्या दिवशी त्यांनी कुणाला सलामसुद्धा केला नाही. कंत्राटदाराची यंत्रं उभी होती, वरून विचारणा झाली होती आणि काम कुणी थांबवलं हे कंपनीच्या मालकालाच माहीत नव्हतं. मीटिंगच्या खोलीत ते, किलब्राइडसाहेब, दाऊदभाई, आणि टिपणं घ्यायला मी.

दाऊदभाईंनी शांतपणे कागद पुढे ठेवला. "सरांनी मंजूर केलं. ही टिक."

साहेबांनी चष्मा लावला. कागद उचलला, दूर धरला, जवळ धरला. मग आपल्या त्या सुंदर आवाजात म्हणाले, "हो, हा कागद मी पाहिला आहे. ही खूण म्हणजे मी इथपर्यंत वाचलं, याची. मी आयुष्यभर अशीच खूण करत आलो आहे. अधिकाऱ्यांचा सल्ला काय आहे याची मी नोंद घेतली. निर्णय घेतल्याचं मला आठवत नाही." एवढं बोलून ते दाऊदभाईंकडे वळले, अगदी मायेनं. "माणूस उत्साही आहे. कधीकधी उत्साह पुढे धावतो. अ वी मिसअंडरस्टँडिंग."

मला वाटलं, मी आता उठून बोलणार. शब्द तोंडाशी आले होते. इतक्यात साहेब माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "मिसेस सावंत हे कागद तयार करतात. कोणता पर्याय कुठे ठेवायचा हेही त्याच ठरवतात, असा माझा समज आहे. त्यांना विचारावं."

त्यांना माहीत होतं. बिस्किटांपासून सगळं माहीत होतं. टिक म्हणजे हुकूम, असं मी म्हणाले असते तर अर्बाबनी उरलेल्या टिका मागवल्या असत्या, आणि त्या फायलीत सगळ्यात वर माझ्याच ड्यूटीचा कागद होता. माझा व्हिसा या कंपनीचा. मुलीचं शाळेचं वर्ष अर्ध्यावर. यजमान इब्रीला. हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. माणूस एरवी एवढा पटकन विचार करत नाही.

अर्बाब माझ्याशी नेहमी हिंदीत बोलायचे. "बोलो मॅडम. साहबने काम बंद करने को बोला था? हां या ना?"

दाऊदभाई माझ्याकडे बघत होते. नजरेत विनवणी नव्हती. मी खरं सांगणार याची त्यांना खात्रीच होती, म्हणून ते निवांत बसले होते.

मी म्हणाले, "सर, मैंने सिर्फ टाइप किया."

"खलास," अर्बाब म्हणाले आणि उठले.

दाऊदभाईंना घरी पाठवायचं पत्र मीच टाइप केलं. त्या कागदावर पर्याय नव्हते. कंपनीचं ना-हरकत पत्र नाही म्हणजे दोन वर्षं ओमानमध्ये दुसरीकडे काम नाही, तेव्हा तसा नियम होता. पत्र घ्यायला ते आले, उभ्याउभ्या वाचलं आणि विचारलं, "पासपोर्ट कुणाकडे मिळेल?" मी सांगितलं. ते गेले. मी त्यांना बसासुद्धा म्हणाले नाही.

किलब्राइडसाहेब त्यानंतर जेमतेम सहा महिने होते. नकाशात होतं त्याच दिशेला बंदराचं तोंड झालं, दोन्ही बांध पाण्यावर आले, फोटो काढले गेले, आणि वाळू दिसायला लागायच्या आत साहेबांनी राजीनामा दिला. राजीनामापत्र त्यांनी एका बैठकीत, एकही शब्द न खोडता, तोंडी सांगितलं. प्रकल्प भक्कम पायावर उभा केल्याचं समाधान, तरुण हातांकडे सोपवण्याची वेळ, कुटुंबाला वेळ देण्याची ओढ. टाइप करताना मला कळलं की हे पत्र त्यांनी आयुष्यात बरेचदा लिहिलं आहे. मत्स्यव्यवसाय त्यांनी सगळं उत्तम चाललेलं असताना सोडला होता. वाहतूकही. आरोग्यही. पुढे जे काय झालं ते नेहमी त्यांच्यानंतरच्या माणसाच्या काळात झालं. लिफ्टमधल्या त्या सगळ्या मजल्यांवर मागे कोण कोण राहिलं असेल, हा विचार माझ्या मनात तोवर आलाच नव्हता.

निरोपाला कंपनीनं त्यांना काचेच्या पेटीत चांदीचा खंजर दिला. ती पेटी काखेत धरून ते माझ्या टेबलाशी आले.

"मिसेस सावंत, तुम्ही माझ्या खासगी सचिव म्हणून शोभला असतात. प्रत्येक खात्यात मला तुमच्यासारखं कुणीतरी भेटलं. मधल्या पर्यायाचं गुपित हुशार माणसाला दुसऱ्या महिन्यात कळतं. तुम्हालाही तेवढेच दिवस लागले. ते एकदा कळलं की मला काही ठरवावं लागत नाही."

त्यांनी माझा हात हातात घेऊन दाबला. खरंच कौतुक करत होते. मला त्या माणसाची इतकी किळस आली की मी बाथरूममध्ये जाऊन हात धुतला. साबण लावून.

बंदर दोन वर्षं पुरी व्हायच्या आत भरलं. नंतर एकदा आम्ही सूरला जाताना वाटेत गाडी वळवून बघून आलो. दोन बांधांच्या मध्ये वाळूचा पट्टा, आणि कोळी बंदराच्या शेजारी, उघड्या किनाऱ्यावर, होड्या पूर्वीसारख्याच पिकअपला दोर बांधून ओढत होते. एक होडी तोंडाशी उलटली होती म्हणे, माणसं पोहून आली. यजमान म्हणाले, "हेच का तुझ्या मंत्र्याचं बंदर?" मी हो म्हणाले.

साहेबांची नक्कल मी फार छान करते. मस्कतजवळ अल अमेरातला आमच्या मराठी मंडळींचं काही जमलं की मला आग्रह होतो. लिफ्ट, बिस्किटं, काहव्याचे सहा पेले, "ऑन बॅलन्स". लोक पोट धरून हसतात. मीटिंग मी सांगते, पण साहेबांच्या वाक्यापाशी थांबते. "निर्णय घेतल्याचं मला आठवत नाही." टाळ्या पडतात आणि मी खाली बसते. त्यानंतर त्या खोलीत आणखी कुणी काय बोललं, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

दाऊदभाईंना फोन करायला मला चार वर्षं लागली. नंबर त्यांच्या एका नातेवाइकाकडून मिळाला. ते गावीच होते, होड्यांच्या इंजिनांची दुरुस्ती करत होते. मागे घण मारल्याचा आवाज येत होता. आधी त्यांनी माझ्या मुलीची चौकशी केली, कितवीत आहे, मराठी बोलते की नाही. मग मी धीर करून ते बंदर भरल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "भरणारच होतं." मी म्हणाले, दाऊदभाई, तुमचं बरोबर होतं, त्या हलकट माणसानं तुमचा बळी दिला, त्याचं कधी भलं होणार नाही. मी बोलतच राहिले. चार वर्षं साठवलेला सगळा तिरस्कार मी त्यांच्यापुढे ओतला. त्यांना बरं वाटेल अशी माझी समजूत होती.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मागचा घणाचा आवाज थांबला होता.

"ताई, त्याचा राग मी कशाला करू?" ते म्हणाले. "तो आपला कोण होता? तुम्ही आपल्या होतात."